एक की दो

दिवाळी सरली की जनकगंजच्या आमच्या गल्लीत
शकूरमियाँ येतात, खांद्यावर धुनकी.
तिच्या तारेचा तो आवाज, धुन्न धुन्न,
यांच्या कानाला मशीन न लावताही पोचतो.
पन्नास वर्षांत एवढीच एक गोष्ट
यांनी पहिल्या हाकेला ऐकली.

माळ्यावरून डबल रजई उतरवली.
लग्नातली. म्हणजे कापूस लग्नातला,
खोळ तिसरी.
मिरजेहून आले तेव्हा मी हिला दुलई म्हणायचे,
सासूबाई तोंडाला पदर लावून हसायच्या.
आता मिरजेला भाची हसते,
"मावशी, रजई काय, पानी काय,
हे कुठलं गं मराठी?"
सासरचं, मी सांगते.

अंगणात खोळ उसवली, तर कापसातून निघालं
एक लवंग, कुणाच्या दाढेची कोण जाणे,
आणि एक बटण. तपकिरी, चार भोकांचं,
ऑफिसच्या कोटाचं.
शहाऐंशी साली ते मीच हरवलं
असं ठरलं होतं.
अडतीस वर्षांनी मी निर्दोष सुटले.
न्यायाधीशांनी पुरावा उचलला,
सदऱ्याला पुसला
आणि मुकाट्यानं खिशात टाकला.

शहाऐंशीच ते.
बटण तर नुसतं निमित्त होतं.
माझ्या पाटल्या यांनी धाकट्या भावासाठी
सराफ्यात नेऊन ठेवल्या, मला न विचारता,
आणि मला कळलं ते जावेकडून.
अकरा दिवस बोलणं बंद.
पण रजई घरात एकच.
अबोला धरलेली दोन माणसं
एका रजईत कशी झोपतात
ते लश्करच्या जानेवारीला विचारा.
पाठीला पाठ, मध्ये वीतभर फट,
फटीतून गार वारा शिरायचा,
म्हणून फट तेवढी बुजवायची,
राग तसाच ठेवून.
पाटल्या सुटल्या पुढे. एक सुटली.

"अम्माँ, एक ही भरूँ, कि दो कर दूँ?
इस उमर में लोग दो करा लेते हैं।"
शकूरमियाँनी साधंच विचारलं.
आदल्या रात्रीच ओढाताण झाली होती.
यांचं म्हणणं, मी ओढते.
माझं म्हणणं, हे कड अंगाखाली दाबून
अळूवडीसारखे गुंडाळून झोपतात.
"दो," आम्ही म्हणालो. दोघं. एकदमच.
आणि मग एकमेकांकडे असं पाहिलं
की जणू दुसराच आधी म्हणाला.

दुपारभर कुणी फारसं बोललं नाही.
संध्याकाळी हे बाड्यावर जाऊन आले,
पाव किलो गजक घेऊन.
कवळीनं यांना गजक फुटत नाही,
तरी दर थंडीत पहिली आणतात,
पुडा माझ्यापुढे सरकवतात,
"बघ जरा, खस्ता आहे का."
मी खाते. हे माझ्या दातांचा आवाज ऐकत बसतात,
म्हणजे ऐकत असावेत.

दोन रजया झाल्या. यांची लाल, माझी हिरवी.
हलक्या, नव्यासारख्या.
कुणी ओढत नाही, कुणी कुरकुरत नाही.
झोप मात्र दोघांचीही
दाल बाजारात गिऱ्हाईक शोधत हिंडल्यासारखी.

पौषातली पहाट. साडेचार.
नळ एक दिवसाआड येतो, उठून मोटर लावायची,
आज पाळी यांची.
हे जागे आहेत, मला कळतं;
खोटं झोपलेला माणूस घोरत नाही.
मी जागी आहे, हे यांना कळतं;
कसं, ते मी कधी विचारलं नाही.
कुणी हलत नाही.

मग लाल रजईतून एक पाऊल निघतं,
हिरवीच्या कडेखालून आत येतं,
बर्फाची लादीच,
आणि माझ्या पोटरीला टेकून थांबतं.
"ते बटण," हे अंधारात म्हणतात,
"माझंच चुकलं होतं."

मला काय म्हणायचंय, पाटल्यांचं काय?
पण पोटरी हळूहळू गार होतेय,
पाऊल हळूहळू ऊन.
"ऐकू नाही आलं," मी म्हणते,
"परत बोला."

खाली मोरीत नळ खाकरतो.
"उठा आता. पाळी तुमची."